वितळलेले पोलाद, चुंबक आणि स्फटिकांचे रान

मुंबईहून नाशिककडे जाताना कसारा घाट, म्हणजे जुना थळघाट, चढून गेल्यावर इगतपुरी लागते आणि तिच्यापुढे घोटी. या परिसरात रस्त्यासाठी आणि लोहमार्गासाठी डोंगर तोडले आहेत. तिथल्या काही थरांतला काळा दगड जवळून पाहिला, तर त्यात पांढरट, लांबट, फळीसारखे चपटे तुकडे विखुरलेले दिसतात. ते प्लॅजिओक्लेज या खनिजाचे स्फटिक होत. दगडाचा उरलेला भाग इतका बारीक कणांचा असतो की त्यातले स्फटिक नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. दख्खनच्या लाव्हाथरांची जी क्रमवारी भूवैज्ञानिकांनी लावली आहे, तिच्या खालच्या भागातील उपगटाला कळसूबाईचे नाव आहे, त्यातील एका थरसमूहाला इगतपुरीचे आणि या मोठ्या स्फटिकांच्या एका थराला थळघाटाचे. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर घोटीच्या दक्षिणेला, भंडारदऱ्याच्या वाटेवर आहे.

याच परिसरातून आणखी एका वितळून गोठलेल्या पदार्थाची ये-जा चालू असते. जालन्याच्या भट्ट्यांत तयार होणाऱ्या बांधकामाच्या सळया मुंबई-ठाण्याकडे याच बाजूने उतरतात. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि जालना, इगतपुरी व मुंबईचे प्रवेशद्वार एका रस्त्यावर आले. मालमोटारीतली सळई आणि घाटातला कातळ यांच्यात वरकरणी साम्य नाही. तरीही दोन्ही एकेकाळी रस होते, दोन्ही थंड होताना त्यांत स्फटिक वाढले, आणि ते कसे वाढले यावर दोहोंचे गुण ठरले. कातळ गोठत असताना भोवती पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र होते. पोलाद गोठत असताना आज अनेक कारखान्यांत मुद्दाम निर्माण केलेले क्षेत्र असते. पहिल्या क्षेत्राने स्फटिकांच्या वाढीत काडीचाही फरक केला नाही. दुसरे क्षेत्र मात्र स्फटिकांचे सारे रान बदलून टाकते. असे का, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण आपल्या घराच्या स्लॅबमधील लोखंडाशी त्याचा संबंध पोचतो.

चुंबक ओढत नाही

प्रथम एक समजूत बाजूला सारली पाहिजे. पोलाद म्हणजे लोखंड, आणि लोखंडाला चुंबक ओढतो. तेव्हा वितळलेल्या पोलादालाही तो ओढत असेल, असे सहज वाटते. तसे होत नाही. लोखंड ७७० अंश सेल्सिअसच्या वर तापवले की त्याचे नेहमीचे चुंबकत्व नाहीसे होते. या मर्यादेला क्युरी तापमान म्हणतात. पिअर क्युरी यांनी १८९५ साली चुंबकत्व आणि तापमान यांच्या संबंधावर जो प्रबंध लिहिला, त्यावरून हे नाव पडले. शुद्ध लोखंड वितळते १,५३८ अंशांना. म्हणजे पोलादाचा रस गोठू लागतो तेव्हा तो क्युरी तापमानाच्या सातशेहून अधिक अंश वर असतो आणि चुंबकाच्या दृष्टीने तांब्या-पितळेहून फारसा वेगळा नसतो.

कातळाचीही हीच गत. बेसॉल्टचा लाव्हा अकराशे-बाराशे अंश तापमानाचा असतो. त्यातले लोहयुक्त मॅग्नेटाइट ५८० अंशांच्या खाली आल्यावरच चुंबकीय होते, आणि त्यात टायटॅनियम मिसळलेले असेल तर त्याहूनही खाली. तोवर स्फटिक वाढून, एकमेकांना भिडून, जागच्या जागी बसलेले असतात. तयार झालेल्या कणांवर मग पृथ्वीचे क्षेत्र आपली दिशा कोरते. क्षेत्राने स्फटिक घडवला नाही, घडलेल्या स्फटिकावर आपली नोंद केली, एवढाच याचा अर्थ.

ही नोंद वाचण्याचे काम मोठ्या मोलाचे ठरले आणि त्यात मुंबईचा वाटा होता. १९५० च्या दशकात लंडनच्या इम्पिरियल कॉलेजातील जॉन क्लेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनच्या बेसॉल्टचे चुंबकत्व मोजले. पाठोपाठ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हे काम सुरू झाले. १९५९ सालच्या दख्खनवरील एका निबंधावर डॉइच यांच्याबरोबर सी. राधाकृष्णमूर्ती आणि पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे यांची नावे आहेत. १९६५ मध्ये एस. डी. लिखिते, राधाकृष्णमूर्ती व सहस्रबुद्धे यांनी खडकांच्या चुंबकीय गुणांचा आलेख काढणारे उपकरणही सिद्ध केले. हा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिला तेव्हा भारताचा भूखंड विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला होता, हे अशा मोजमापांनी दाखवले. खंड सरकतात की नाहीत हा वाद तेव्हा मिटलेला नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाचे महत्त्व कळते.

पृथ्वीचे क्षेत्र आपल्याकडे सुमारे ४० ते ४५ मायक्रोटेस्ला, म्हणजे टेस्लाच्या दशलक्षांश भागांत मोजण्याइतके क्षीण आहे. ते मोजणारी कुलाब्याची जुनी वेधशाळा मुंबईत विजेवर धावणाऱ्या ट्रामगाड्या येणार म्हणून अडचणीत आली आणि १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. रस्त्यावरच्या ट्रामचा प्रवाह ज्याच्या मोजणीत गोंधळ घालू शकतो, असे हे क्षेत्र. त्याने स्फटिकांच्या वाढीला वळण लावावे, ही अपेक्षाच करता येत नाही.

पोलाद गोठते तेव्हा

आता भट्टीकडे वळू. जालन्यात आणि राज्यातील इतर बहुतेक लहान-मध्यम कारखान्यांत भंगार आणि स्पंज आयर्न वितळवण्यासाठी इंडक्शन फर्नेस वापरतात. तापलेला रस पूर्वी लोखंडी साच्यांत ओतून त्याचे गठ्ठे, म्हणजे इनगॉट, करीत. आता बहुतेक ठिकाणी अखंड ओतकाम होते. रस वरच्या पात्रातून तांब्याच्या उभ्या, चौकोनी, तळ नसलेल्या साच्यात पडतो. साच्याभोवती पाणी खेळत असते. रसाची बाहेरची साल साच्याला लागून गोठते आणि आतून लाल-पिवळा रस भरलेली ही चौकोनी नळी खालून सावकाश ओढून घेतली जाते. साधारण मीटरभर लांबीच्या साच्यातून बाहेर पडताना तिची साल जेमतेम सेंटिमीटरभर जाड असते. पुढे कित्येक मीटर पाण्याचे फवारे झेलत ती आतपर्यंत घट्ट होते. तिचे तुकडे म्हणजे बिलेट. बिलेट रोलिंग मिलमधून गेले की सळई होते.

या प्रवासात आत जे घडते ते दिसत नाही आणि तेच निर्णायक असते. स्फटिक थंड सालीपासून उष्ण गाभ्याकडे वाढतात. वाढताना ते गुळगुळीत ठोकळ्यासारखे न वाढता झाडासारखे वाढतात: मधे खोड, त्याला काटकोनात फांद्या, फांद्यांना उपफांद्या. धातुशास्त्रज्ञ त्यांना डेंड्राइट म्हणतात. झाड या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले. चारही बाजूंनी अशी झाडे मध्याकडे धावत येतात. ती लांबच लांब वाढली तर बिलेटच्या गाभ्यात एकमेकांना भिडतात आणि मधे-मधे पूल बांधले जातात. पुलाखालचा रस गोठताना आकसतो, वरून भरपाई होऊ शकत नाही, आणि तिथे पोकळी राहते.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. पोलाद हे संमिश्र आहे. त्यात लोहाखेरीज कार्बन, मँगनीज, सिलिकॉन असतात आणि नको असलेले गंधक व फॉस्फरसही असतात. वाढणारा स्फटिक यांना आपल्यात पूर्ण सामावून घेत नाही. पुढच्या रसात लोटतो. मिठाच्या पाण्याचा बर्फ होताना मीठ उरलेल्या पाण्यात साचत जाते, तसेच हे. गंधकाच्या बाबतीत तर रसातील प्रमाणाच्या काही टक्केच गंधक घन लोखंडात जाते, बाकी सारे पुढे ढकलले जाते. सगळ्यात शेवटी गोठतो तो मधला भाग, आणि ढकललेली सारी घाण तिथे गोळा होते. याला मध्यरेषेवरील विलगीकरण म्हणतात. भट्टीतून काढलेला रासायनिक नमुना अगदी नियमात असला तरी बिलेटच्या गाभ्यात प्रमाण बिघडलेले असू शकते, ते यामुळे.

यावर एक उपाय ओतकाम करणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. रस फार न तापवता, गोठणबिंदूच्या जेमतेम वर ओतायचा. मग मधल्या रसात जागोजागी लहान-लहान स्फटिक जन्मतात, चारी बाजूंना सारखे वाढतात आणि लांब झाडांची वाट अडवतात. गाभ्यात असे समाक्ष कण जितके अधिक, तितकी शेवटची घाण विखुरलेली राहते. पण रस थोडा जरी अधिक निवला तरी पात्राच्या बुडातील तोंड गोठून बंद होते, ओतकाम मध्येच थांबते आणि टनावारी पोलाद वाया जाते. भट्टीवरच्या माणसाला ही धास्ती असते आणि म्हणून तो रस चार अंश अधिकच तापवतो. या कोंडीतून सुटण्यासाठी चुंबकीय क्षेत्र कामाला आले.

ढवळणारे क्षेत्र

विहिरीवरच्या पंपाची विजेची मोटर कशी फिरते, हे आठवावे. बाहेरच्या स्थिर वेटोळ्यांत प्रत्यावर्ती प्रवाह सोडला की फिरते चुंबकीय क्षेत्र तयार होते. आतल्या धातूत ते प्रवाह उत्पन्न करते, आणि प्रवाह वाहणाऱ्या धातूवर तेच क्षेत्र बल लावते. आतला भाग फिरू लागतो. मोटरीचा आतला भाग काढून त्या जागी वितळलेल्या पोलादाने भरलेला साचा ठेवला, तर रस फिरू लागेल. विद्युतचुंबकीय ढवळणीचे तत्त्व एवढेच आहे. यात रसाला चुंबकत्व असण्याची गरज नाही. वीज वाहून नेण्याची क्षमता असली की पुरे, आणि वितळलेल्या धातूंत ती भरपूर असते. दीड हजार अंशांच्या रसात कोणतीही दांडी न बुडवता त्याला ढवळता येते, हे याचे मोठेपण.

वारंवारतेचा प्रश्न मात्र येतो. घरातल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ. या वारंवारतेचे क्षेत्र तांब्यात सुमारे एक सेंटिमीटर खोल जाईपर्यंतच बरेच क्षीण होते. तांब्याच्या साच्यापलीकडच्या रसापर्यंत ते पोचणार कसे? म्हणून साच्यावरील ढवळणीसाठी वारंवारता काही हर्ट्‌झपर्यंत उतरवतात. चार हर्ट्‌झला तेच क्षेत्र तांब्यात साडेतीन-चार सेंटिमीटर खोल पोचते. या ठिकाणचे क्षेत्र टेस्लाच्या काही शतांशांइतके, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या हजारपटीच्या आसपास असते. रस सेकंदाला काही दशांश मीटर वेगाने गरगरतो.

या गरगरण्याने स्फटिकांचे काय होते? वाहता रस उष्णता झटपट सालीकडे नेतो आणि गाभ्याचे जादा तापमान लवकर उतरते. झाडांच्या टोकांवरून गरम रस वाहताना फांद्यांच्या मुळाशी त्या वितळून सुट्या होतात. फांदी मुळाशीच बारीक असते आणि तिथेच ढकललेली द्रव्ये साचून गोठणबिंदू उतरलेला असतो. त्यामुळे ती बलाने मोडण्यापेक्षा वितळून सुटते, असे बहुतेक अभ्यासक मानतात. सुटलेले तुकडे प्रवाहाबरोबर मध्याकडे जातात. तिथले तापमान उतरलेले असेल तर ते वितळत नाहीत, नव्या कणांची बीजे होतात. म्हणजे थोडा अधिक तापलेला रस ओतूनही थंड रसासारखी बारीक, समाक्ष घडण मिळते. तोंड गोठण्याची धास्ती कमी होते ती अशी.

इंडक्शन फर्नेसमध्येही अशी ढवळण आपोआप होत असते. वेटोळ्याचे क्षेत्र रसाला आत दाबते, पृष्ठभाग मधे घुमटासारखा फुगतो आणि आत वर-खाली दोन भोवरे फिरत राहतात. पण तिथे स्फटिक अजून जन्मलेलेच नसतात. त्या ढवळणीने मिसळलेली द्रव्ये सगळीकडे सारखी होतात, एवढाच लाभ. भट्टीत ढवळले गेले म्हणजे बिलेटमध्येही सारे आलबेल असेल, असे मानणे चूक होय. झाडे भट्टीत नव्हे, साच्यात आणि साच्याखाली वाढतात.

अति ढवळण्याचेही दुष्परिणाम आहेत. साच्याखाली जोराने ढवळले तर गोठणाऱ्या कडेजवळचा समृद्ध रस धुऊन निघतो आणि तिथे कार्बन-गंधक कमी असलेला पट्टा राहतो. आम्लात बुडवलेल्या तुकड्यावर तो फिकट दिसतो, म्हणून त्याला पांढरा पट्टा म्हणतात. साच्याच्या तोंडाशी रस फार हेलकावला तर वरचे वंगण किंवा मळी आत खेचली जाते. तारेसाठी लागणाऱ्या अधिक कार्बनच्या पोलादात मध्यरेषेचा दोष फार त्रास देतो. तार ओढताना ती मधूनच तुटते. पूल आणि उड्डाणपुलांच्या पूर्वताणित काँक्रीटमध्ये अशाच तारांचे दोर वापरतात. त्यामुळे तिथे साच्यावर आणि पुन्हा अगदी शेवटी, गाभा गोठण्याच्या बेतात असताना, अशी दोनदा ढवळण करतात. ही शेवटची जागा नेमकी साधावी लागते. ओतकामाचा वेग बदलला की रसाचे टोक पुढे-मागे सरकते आणि वेटोळे गोठलेल्या पोलादाभोवती निष्फळ गुणगुणत बसते.

ॲल्युमिनियमच्या संमिश्रांत ढवळण्याची कथा आणखी रंजक आहे. १९७१ साली अमेरिकेतील एमआयटीत मर्टन फ्लेमिंग्ज यांचे विद्यार्थी डेव्हिड स्पेन्सर कथील-शिशाचे संमिश्र गोठत असताना ते ढवळून त्याचा घट्टपणा मोजत होते. अर्धे गोठलेले संमिश्रही लोण्यासारखे सहज वाहते, असे त्यांना आढळले. ढवळल्यामुळे झाडांऐवजी गोल गोट्यांसारखे कण झाले होते आणि ते एकमेकांवरून घसरत होते. पुढे ॲल्युमिनियमसाठी ही ढवळण चुंबकीय क्षेत्राने करू लागले. असा अर्धवट गोठलेला लगदा साच्यात दाबला की हवा कमी अडकते आणि वाहनांचे भाग पोकळ्यांविना निघतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतही या पद्धतीवर काम झाले आहे. इगतपुरी-नाशिक पट्ट्यात वाहनांची इंजिने व सुटे भाग बनवणारे जे कारखाने आहेत, त्यांना हा विषय परका नाही.

रोखणारे क्षेत्र

आतापर्यंतचे क्षेत्र फिरते होते. क्षेत्र स्थिर असेल तर गोष्ट उलटते. स्थिर क्षेत्रातून वाहणाऱ्या धातूत प्रवाह उत्पन्न होतो आणि त्याचे बल वाहण्यालाच विरोध करते. रसाला जणू ब्रेक लागतो. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९५२ साली गणिताने दाखवून दिले, की खालून तापवलेल्या विद्युतवाहक द्रवात चुंबकीय क्षेत्र असेल तर त्यातील अभिसरण सुरू व्हायलाच अधिक तापमानफरक लागतो. त्यांच्या मनात तारे होते. पण थोड्याच वर्षांत शिकागोत पाऱ्यावर केलेल्या प्रयोगांनी ते खरे ठरवले.

पोलादाच्या रुंद पाट्या ओतताना हा ब्रेक १९८० च्या दशकाच्या आरंभापासून वापरला जातो. नळीतून वेगाने येणारा झोत खोलवर गेला तर मळीचे कण आतच अडकतात. क्षेत्र त्याला आवरते. संगणकाच्या चिपसाठी सिलिकॉनचा एकच एक अखंड स्फटिक रसातून ओढून काढतात, तिथेही स्थिर क्षेत्र लावतात. सिलिकॉनचा रस क्वार्ट्‌झच्या मुशीत असतो, मूस किंचित विरघळते आणि तिचा ऑक्सिजन स्फटिकात शिरतो. रसाची खळबळ क्षेत्राने शमवली की ऑक्सिजनचे प्रमाण ताब्यात ठेवता येते.

मात्र स्थिर क्षेत्र नेहमी शांतताच आणते असे नाही. घन आणि द्रव धातू एकमेकांना भिडतात आणि तिथे तापमान असमान असते, तेव्हा दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यात उपजते तशी थोडी वीज त्या सीमेवर उपजते. हा प्रवाह फांद्याफांद्यांतून फिरतो. बाहेरचे क्षेत्र त्यावर बल लावते आणि झाडांच्या मधल्या रसात सूक्ष्म प्रवाह सुरू होतात. सुटलेले तुकडे एका बाजूला सरकू लागतात. फ्रान्समध्ये ग्रनोबल येथे तीव्र क्ष-किरणांच्या झोतात ॲल्युमिनियम-तांब्याचे संमिश्र गोठताना हे सरकणे पाहण्यात आले. ज्या क्षेत्राने रस स्थिर व्हावा अशी अपेक्षा, त्यानेच तो बारीक मापावर ढवळला जावा, हे प्रथम ऐकणाऱ्याला पटत नाही. किती क्षेत्राला कोणता परिणाम वरचढ ठरेल, ते संमिश्रावर, तापमानाच्या उतारावर आणि फांद्यांमधील अंतरावर अवलंबून असते. साध्या कोष्टकात बसवता येण्याजोगा हा हिशेब नाही.

याच्याही पुढची पायरी म्हणजे खरोखर प्रचंड क्षेत्रे. अनेक स्फटिक सर्व दिशांना सारखे चुंबकीय नसतात. रुग्णालयातील एमआरआय यंत्राच्या कित्येक पट क्षेत्रात त्यांना एका ठरावीक दिशेला वळण्याची ओढ लागते. जस्त, कॅडमियम, बिस्मथ अशा धातूंच्या संमिश्रांत हे दिसते. लॅटव्हियातील मिकेल्सन व कार्क्लिन यांचा यावरील निबंध १९८१ चा आहे. दहा टेस्लाचे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या दोन लाखपटींहून अधिक. वळवणारी ऊर्जा क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून परिणाम सुमारे पाच हजार कोटीपट. थळघाटातल्या पांढऱ्या स्फटिकांना पृथ्वीने का वळवले नाही, याचे उत्तर या आकड्यात आहे. त्यांचा मोठेपणा वेगळ्या कारणाचा: ते लाव्हा बाहेर पडण्यापूर्वी जमिनीखालच्या कुंडात सावकाश वाढले, आणि भोवतालचा रस मात्र बाहेर आल्यावर लवकर गोठला. अतितीव्र क्षेत्रे निर्माण करायला अतिवाहक चुंबक लागतात. पोलादाच्या कारखान्यात त्यांची जागा नाही आणि नजीकच्या काळात होईल असे वाटत नाही.

सळईपर्यंत काय पोचते

आता खरेदीदाराच्या बाजूने पाहू. चुंबकीय ढवळणीने स्फटिकांची रचना सुधारते, गाभ्यातली पोकळी कमी होते, घाण एका रेषेत न साचता पसरते. पण पसरते, नाहीशी होत नाही. हा फरक विक्रीच्या भाषेत हरवतो. इंडक्शन फर्नेसला बहुधा सिलिकायुक्त, म्हणजे आम्लधर्मी मातीचे अस्तर असते. फॉस्फरस काढायला चुनखडीयुक्त मळी लागते आणि ती असे अस्तर खाऊन टाकते. त्यामुळे भंगारातून जितका फॉस्फरस आला, तितका बव्हंशी पोलादात राहतो. भंगारातल्या तांब्याचे तर कोणत्याच भट्टीत फारसे काही करता येत नाही. भंगार निवडून घेणे, स्पंज आयर्नचे प्रमाण सांभाळणे, शक्य तिथे रस दुसऱ्या पात्रात घेऊन शुद्ध करणे, याला चुंबक पर्याय नाही. ‘चुंबकीय पद्धतीने शुद्ध केलेले पोलाद’ असे कोणी म्हणाले, तर त्याने ढवळणे आणि शुद्ध करणे यांत गल्लत केली आहे, असे समजावे.

भारतीय मानक आयएस १७८६ मध्ये फे ५०० या प्रतीच्या सळईत गंधक व फॉस्फरस प्रत्येकी ०.०५५ टक्क्यांपर्यंत आणि मिळून ०.१०५ टक्क्यांपर्यंत चालतात. फे ५००डी या प्रतीत ही मर्यादा प्रत्येकी ०.०४० आणि मिळून ०.०७५ अशी खाली येते, कार्बन ०.३० ऐवजी ०.२५ टक्के, आणि तुटण्यापूर्वी ताणले जाण्याची किमान अट १२ ऐवजी १६ टक्के होते. या शेवटच्या आकड्याचे मोल भूकंपात कळते. कोयनानगर १९६७ मध्ये आणि लातूर-उस्मानाबाद १९९३ मध्ये हादरले. अशा वेळी काँक्रीटच्या इमारतीतली सळई न तुटता लांबली आणि वाकली, तर आतल्या माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो. ठिसूळ गाभ्याची सळई तशी वागेल याचा भरवसा नसतो.

सळईच्या गठ्ठ्याबरोबर कारखान्याचे चाचणी प्रमाणपत्र मागता येते. त्यात गंधक, फॉस्फरस, कार्बन, ताणबल आणि लांबण्याची टक्केवारी असते. ओतकाम कसे झाले, ढवळण होती की नव्हती, याचा रकाना त्यात सहसा नसतो. ते पाहायचे तर बिलेटचा एक काप घेऊन, तासून, गरम हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवावा लागतो. न ढवळलेल्या बिलेटचा काप बाहेर काढून धुतला की चारी बाजूंनी मध्याकडे धावत आलेल्या बारीक रेषा दिसतात, आणि मधे एक काळा ठिपका किंवा भेगाळ तारा. ढवळलेल्या बिलेटच्या कापावर या रेषा कडेजवळच संपतात आणि उरलेला मधला भाग खडीसाखर कुटून पसरल्यासारखा, सगळीकडे सारखा दाणेदार दिसतो.